पऱ्या दिसू नयेत म्हणून

पश्चिम युरोपच्या लोककथांत एका सुईणीची गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. रात्री-अपरात्री एक अनोळखी माणूस तिच्या दारात येतो आणि बाळंतपणासाठी तिला आपल्या घरी घेऊन जातो. बाळ जन्मते, आणि बाळाच्या डोळ्यांना लावण्यासाठी तिच्या हाती एक मलम दिले जाते. ते स्वतःच्या डोळ्याला लागू द्यायचे नाही, अशी सक्त ताकीद असते. काम करता करता तिचा एक डोळा चुरचुरतो, ती नकळत तो चोळते, आणि त्या एका डोळ्याला त्या घराचे आणि त्यातल्या माणसांचे खरे रूप दिसू लागते. पुढे एके दिवशी बाजारात तोच माणूस इतर कोणाच्याही नजरेस न पडता दुकानांतला माल उचलताना तिला दिसतो. ती भाबडेपणाने त्याला हाक मारते आणि बाळ-बाळंतिणीची चौकशी करते. तो तिला एकच प्रश्न विचारतो : मी तुला कोणत्या डोळ्याने दिसलो? ती डोळा दाखवते, आणि तो डोळा कायमचा जातो.

या गोष्टीचे एक फार जुने रूप तेराव्या शतकाच्या आरंभी जर्व्हेस ऑफ टिल्बरी या इंग्रज विद्वानाने सम्राट चौथ्या ऑटोसाठी लिहिलेल्या ग्रंथात सापडते. तिथे सुईणीच्या जागी बाळाला अंगावर पाजणारी दाई आहे आणि तिला नेणारे परीलोक ऱ्होन नदीच्या तळाशी राहतात. त्यानंतरच्या सातशे वर्षांत इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ही गोष्ट असंख्य तोंडांनी सांगितली गेली. तिच्यातले तपशील बदलले, पण शेवट मात्र बहुधा तोच राहिला. परीला पाहणे हा तिच्यात सुईणीचा एकमेव अपराध आहे. तिने चोरी केलेली नाही, कोणाचे वाईट चिंतलेले नाही, उलट परीलोकांच्या घरी तिने मदतच केली आहे.

पऱ्यांविषयी मी गेली काही वर्षे जे वाचत आलो आहे, त्याच्या केंद्रस्थानी मला हीच गोष्ट दिसते. आज परी म्हटले की पाहण्याचा विचार आधी येतो : चित्रातली परी, रंगमंचावरची परी, पडद्यावरची परी, पाठीवर पंख आणि हातात कांडी. ज्या समाजांत पऱ्यांचा वावर खरोखर मानला जात होता, तिथे मात्र लोकांचा सगळा खटाटोप त्या दिसू नयेत, भेटू नयेत, त्यांच्या वाटेत आपण येऊ नये यासाठी होता. या दोन वृत्तींमधले अंतर मला पंख आणि कांडी यांच्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते. फारसी कथांतल्या पऱ्यांचा इतिहास निराळा आणि तितकाच मोठा आहे. इथे मी ब्रिटिश बेटे आणि आयर्लंड यांच्यापुरतेच लिहीत आहे.

या प्रदेशांतल्या लोककथांतले परीलोक बहुतेक वेळा माणसांसारखेच असतात. त्यांची उंची कुठे माणसाएवढी, कुठे लहान मुलाएवढी असते. त्यांच्यात पुरुष असतात, म्हातारे असतात, गुरेढोरे, बाजार, लग्ने, भांडणे आणि अंत्ययात्राही असतात. ते टेकड्यांच्या पोटात किंवा जुन्या मातीच्या गढ्यांत राहतात, म्हणजे गावाच्या अगदी शेजारी. शेजाऱ्याशी वागण्याचे जसे नियम असतात तसे त्यांच्याशी वागण्याचेही होते. त्यांचा उल्लेख थेट नावाने करायचा नाही. आयर्लंडमध्ये त्यांना ‘भली माणसे’ म्हणायचे, वेल्समध्ये ‘देखणे कुटुंब’, स्कॉटलंडमध्ये ‘शांतीचे लोक’ किंवा ‘चांगले शेजारी’. रात्री दाराबाहेर खरकटे पाणी फेकण्यापूर्वी मोठ्याने सावध करायचे, कारण अंधारात कोण चालले आहे हे आपल्याला दिसत नसते. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर घर बांधायचे नाही. पाळण्यात लोखंडाची एखादी वस्तू ठेवायची. रात्री येऊन घरकाम करून जाणाऱ्या ब्राउनीला नव्या कपड्यांचा जोड द्यायचा नाही, नाहीतर तो कायमचा निघून जातो. यातला एकही नियम पऱ्या कशा दिसतात हे सांगत नाही. त्या दिसत नसताना आपण कसे वागायचे एवढेच सांगतो.

या बाबतीत स्कॉटलंडमधील अबरफॉयल येथील धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांची साक्ष मला सर्वांत मोलाची वाटते. कर्क हे विद्वान होते आणि गेलिक भाषेतील बायबलच्या कामात त्यांचा वाटा होता. १६९१-९२ च्या सुमारास त्यांनी आपल्या भागातल्या दिव्यदृष्टी असलेल्या माणसांकडून ऐकलेली माहिती एका छोट्या ग्रंथात नोंदवली. नास्तिकतेला उत्तर देण्यासाठी, अदृश्य जगाचा पुरावा म्हणून त्यांनी हे लिहिले, त्यामुळे त्यांचा सूर कुतूहलाचा आणि पूर्ण गंभीर आहे. परीलोकांचे शरीर घट्ट झालेल्या ढगासारखे असते आणि ते संधिप्रकाशात उत्तम दिसते, असे ते लिहितात. हे लोक वर्षाच्या प्रत्येक चतुर्थांशाच्या सुरुवातीला आपला मुक्काम हलवतात, आणि त्या दिवसांत ज्यांना ते दिसू शकतात ती माणसे प्रवास टाळतात, असेही ते नोंदवतात. मला हे वाक्य विलक्षण वाटते. दिव्यदृष्टी ज्याला लाभली आहे तोच माणूस घराबाहेर पडत नाही. ती दृष्टी दुसऱ्याला उधार देण्याची रीतही कर्क सांगतात : पाहणाऱ्याने आपला पाय द्रष्ट्याच्या पायाखाली ठेवायचा, द्रष्ट्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मग पाहणाऱ्याने द्रष्ट्याच्या उजव्या खांद्यावरून पाहायचे. मात्र तिथे जे दिसते त्याने माणूस घाबरतो, त्याचा श्वास अडकतो आणि वाचा बसते, अशी जोडही ते देतात.

कर्क १६९२ मध्ये वारले. गावाजवळच्या डून टेकडीवर, जी पऱ्यांची मानली जात होती, ते मृतावस्थेत सापडले, आणि लवकरच त्यांच्याभोवती एक कथा तयार झाली. कर्क मेलेच नाहीत, त्यांना परीलोकांनी नेले आहे. ते एका नातलगाला दिसले आणि म्हणाले की माझ्या मुलाच्या नामकरणाच्या वेळी मी पुन्हा दिसेन, तेव्हा माझ्या डोक्यावरून सुरी फेकली तर मी सुटेन. ठरल्याप्रमाणे ते दिसले, पण सुरी फेकण्याचे काम ज्याच्याकडे होते तो त्यांना पाहून इतका थक्क झाला की त्याचा हातच उठला नाही. पऱ्यांविषयी माहिती लिहून ठेवणाऱ्या माणसाची सुटका दुसऱ्याच्या पाहत राहण्यामुळे हुकावी, ही रचना कोणी एका लेखकाने केलेली नाही. लोककथेने ती आपल्या स्वभावानुसार केली आहे.

कर्कच्या काळाआधीपासूनच एक तक्रार सतत ऐकू येते, ती म्हणजे पऱ्या आता राहिल्या नाहीत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या बाथच्या बाईने सांगितले की राजा आर्थरच्या काळात हा सगळा देश पऱ्यांनी भरलेला होता, पण आता फिरत्या भिक्षूंच्या प्रार्थनांमुळे त्या कोणाला दिसत नाहीत. सतराव्या शतकात बिशप रिचर्ड कॉर्बेट यांनी एका कवितेत त्यांना निरोप दिला आणि त्यांच्या जाण्याचा संबंध धर्मसुधारणेशी जोडला. पऱ्या जुन्या कॅथलिक पंथाच्या होत्या म्हणून नव्या राजवटीत टिकल्या नाहीत, असा त्यांचा सूर आहे. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक ह्यू मिलर यांनी क्रोमार्टीजवळच्या एका ओढ्याची हकिकत लिहिली : रविवारी सगळे गाव चर्चमध्ये असताना मागे राहिलेल्या एका गुराख्या मुलाने आणि त्याच्या बहिणीने खुज्या घोड्यांवरून जाणाऱ्या विचित्र माणसांची रांग पाहिली, तुम्ही कोण, असे विचारल्यावर शेवटचा स्वार म्हणाला की आम्ही आदमच्या वंशातले नव्हे, आणि शांतीचे लोक यापुढे स्कॉटलंडमध्ये दिसणार नाहीत. प्रत्येक पिढीला वाटते की पऱ्या आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत होत्या. मला यात केवळ गतकाळाची हळहळ दिसत नाही. जे दिसू नये अशीच व्यवस्था लावलेली असते, त्याचा पुरावा नेहमी दुसऱ्या कोणाकडे, दुसऱ्या काळात असणे साहजिक आहे. पऱ्या निघून गेल्या म्हणणारी माणसे लोखंड मात्र पाळण्यातून काढत नव्हती.

याचा सर्वांत ठोस परिणाम आयर्लंडच्या जमिनीवर पाहायला मिळतो. तिथे साधारण इसवी सन ५०० ते १००० या काळातील मातीच्या किंवा दगडाच्या गोल बांधांनी वेढलेल्या वस्त्यांचे चाळीस हजारांहून अधिक अवशेष नोंदवले गेले आहेत. वास्तविक ती त्या काळच्या शेतकऱ्यांची घरे होती, पण पुढच्या लोकांनी ती परीलोकांची ठाणी मानली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी आपल्याच शेताच्या मधोमध असलेला तो बांध नांगराखाली घातला नाही आणि त्यावरची झाडे तोडली नाहीत. कायद्याने संरक्षण मिळण्याआधी कित्येक शतके ही स्थळे एका भीतीने सांभाळली. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमध्ये सुमारे पन्नास हजार शाळकरी मुलांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून लोकविद्या लिहून घेतली. ती पाने आज इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात आणि मी त्यांत तासन्‌तास रमलो आहे. त्यांत परी कशी दिसते याचे वर्णन असले तरी ते बहुधा एखाद्या ओळीचे असते. अमक्याने बांधावरचे काटेरी झुडूप तोडले आणि त्याचे काय झाले, तमक्याचे घर वाटेत आल्यामुळे त्याचा कोपरा कसा पाडावा लागला, हे मात्र नावागावासह, सविस्तर येते.

या श्रद्धेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. परीलोक माणूस पळवतात आणि त्याच्या जागी आपल्यातला एखादा ठेवून जातात, ही समजूत सर्वत्र होती. आजारी, खुरटलेले किंवा अचानक बदललेले मूल हे आपले मूलच नाही असे एकदा ठरले की त्याला आगीजवळ धरणे, थंडीत बाहेर ठेवणे, विषारी वनस्पतींचा रस पाजणे हे उपचार मानले जात. १८९५ च्या मार्च महिन्यात टिपरेरी परगण्यातील बॅलीवॅडली येथे ब्रिजेट क्लिअरी ही सव्वीस वर्षांची विवाहिता आजारी पडली. ती शिवणकाम करून स्वतः कमावणारी, नीटनेटकी राहणारी स्त्री होती. ही आपली बायको नव्हे असे म्हणत तिचा नवरा मायकेल आणि काही नातलग यांनी तिला बळजबरीने काढे पाजले, आगीवर धरले, आणि तू मायकेल क्लिअरीची बायको ब्रिजेट आहेस का, हे देवाच्या नावाने तीन-तीनदा तिच्याकडून वदवून घेतले. अखेर नवऱ्याने तिला जाळले. तिचे प्रेत एका उथळ खड्ड्यात सापडले. मायकेलला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पंधरा वर्षे भोगून तो सुटला. तिच्या मृत्यूनंतर तो जवळच्या एका जुन्या गढीपाशी रात्री जाऊन बसत असे, कारण खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल असे तो सांगत होता.

अभ्यासक अँजेला बर्क यांनी या घटनेत घरातले ताण, पैसा, स्त्रीचे स्वावलंबन आणि बदलता काळ यांचा गुंता दाखवून दिला आहे, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. माझ्या विषयाच्या दृष्टीने मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पऱ्यांशी अंतर राखून वागण्याचे शहाणपण त्या खोलीत संपले होते; तिथे एका माणसाला खात्री हवी होती, समोरच्या बाईचे खरे रूप आताच्या आता उघड व्हायला हवे होते. परीविषयीच्या श्रद्धेतला सर्वांत घातक क्षण हा पुरावा मागण्याचा क्षण आहे.

याच काळात शहरांत पऱ्यांचे एक वेगळेच आयुष्य चालू होते. शेक्सपिअरने सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना फुलांची, कोळिष्टकाची आणि मोहरीची नावे देऊन इतके लहान केले की त्यांची भीती उरली नाही. इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या १७१४ च्या काव्यातल्या वायुरूप आत्म्यांना किटकांचे पंख मिळाले, आणि चित्रकारांनी पुढे ते पऱ्यांच्या पाठीवर पक्के बसवले. लोककथेतल्या परीला पंखांची कधी गरज भासली नव्हती. १८३२ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर बॅले नर्तकी मारी ताल्योनी पाठीवर छोटे पंख लावून, पायांच्या बोटांवर तोललेली अशी अवतरली, आणि गॅसच्या दिव्यांच्या उजेडात परीचे शरीर प्रेक्षकांना अक्षरशः दिसू लागले. व्हिक्टोरियन चित्रकारांनी तर पऱ्यांची गर्दीच केली. जोसेफ नोएल पेटन यांच्या ओबेरॉन आणि टायटेनिया या शेक्सपिअरच्या परीराजा-राणीच्या भांडणाच्या चित्रात ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरलने मोजून १६५ पऱ्या असल्याची नोंद आपल्या दैनंदिनीत केली. ज्यांच्या संख्येविषयी बोलणेही खेड्यांत टाळले जात होते, त्या आता चौकटीत बसवून मोजता येत होत्या. रिचर्ड डॅड यांचे चित्र मात्र मी या गर्दीत धरत नाही. मनोरुग्णालयात १८५५ ते १८६४ अशी नऊ वर्षे ते एकाच छोट्या कॅनव्हासवर काम करत राहिले. त्यातले परीलोक गवताच्या पात्यांआड अर्धवट लपलेले आहेत आणि ते तुमच्याकडे पाहत आहेत की नाहीत हे कळत नाही. जुन्या भीतीच्या सर्वांत जवळ जाणारे चित्र म्हणून मी त्याकडे पाहतो.

१९०४ च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये ‘पीटर पॅन’ हे नाटक रंगमंचावर आले, आणि त्यातल्या मरणाऱ्या टिंकर बेल या परीला वाचवण्यासाठी प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगितले गेले. इथे जुने नाते पूर्ण उलटे होते. पूर्वी माणसाचे बरे-वाईट पऱ्यांच्या मर्जीवर होते. आता परीचे जगणे माणसाच्या श्रद्धेवर आले. मूळ प्रयोगात टिंकर बेल हा नुसता फिरणारा प्रकाशाचा ठिपका होती. एवढा संयम पुढच्या काळाला राखता आला नाही याचे मला वाईट वाटते.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १९१७ मध्ये, यॉर्कशरमधील कॉटिंग्ली येथे एल्सी राइट आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनी घरामागच्या ओढ्याकाठी एल्सीच्या वडिलांच्या कॅमेऱ्याने पऱ्यांची छायाचित्रे काढली. ओढ्यात पाय भिजवून आल्याबद्दल बोलणी खाणाऱ्या फ्रान्सिसने मी पऱ्या पाहायला जाते असे उत्तर दिले होते, आणि त्या उत्तराला आधार म्हणून ही कल्पना निघाली. एल्सीच्या आईमुळे ती छायाचित्रे थिऑसॉफिकल सोसायटीच्या लोकांपर्यंत पोहोचली, तिथून सोसायटीचेच एडवर्ड गार्डनर यांच्याकडे आणि मग शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांच्याकडे गेली. डॉयल यांनी ‘स्ट्रँड’ मासिकाच्या १९२० च्या नाताळ अंकात ती प्रसिद्ध केली. एका छायाचित्रतज्ज्ञाने ती अस्सल असल्याचा निर्वाळा दिला, तर कोडॅक कंपनीने तसे प्रमाणपत्र देण्याचे नाकारले. १९८३ मध्ये दोघींनी मान्य केले की त्या पऱ्या कागदावर काढून कापलेल्या आणि टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या होत्या. त्यांचा नमुना १९१४ च्या एका बालवाचनाच्या पुस्तकातून घेतलेला होता, आणि त्याच पुस्तकात डॉयल यांचीही एक कथा होती.

या प्रकरणावर डॉयल यांना हसण्याची प्रथा आहे. मला त्यात सहभागी व्हावेसे वाटत नाही. त्यांचे वडील चार्ल्स आणि काका रिचर्ड हे दोघेही पऱ्यांची चित्रे काढणारे चित्रकार होते, आणि १९१८ मध्ये त्यांचा मुलगा किंग्स्ली मरण पावला होता. महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत, कॅमेऱ्याने एकदा अदृश्य जग दाखवले की मृतांचे जगही खरे ठरेल, अशी आशा धरणारे ते एकटे नव्हते. त्यांची चूक भोळेपणाची असेल, पण तिची मुळे शंभर-दीडशे वर्षांच्या त्या चित्रांत आहेत, ज्यांनी परी ही पाहण्याची वस्तू आहे हे सर्वांच्या मनावर बिंबवले होते. छायाचित्रांतल्या पऱ्या पंखधारी, नाचऱ्या आणि त्या काळच्या फॅशनची केशरचना केलेल्या होत्या. सुईणीच्या गोष्टीतला बाजारात चोरी करणारा माणूस त्या छायाचित्रात असता, तर तो परीलोकांपैकी आहे हे कोणाच्या लक्षातही आले नसते.

त्याच १९२० साली आयरिश लेखिका लेडी ग्रेगरी यांनी पश्चिम आयर्लंडमधल्या लोकांकडून अनेक वर्षे गोळा केलेल्या साक्षी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. एका बाजूला दोन मुलींची छायाचित्रे होती आणि दुसऱ्या बाजूला शेतकरी, कोळी आणि म्हाताऱ्या बायका यांच्या हकिकती : कोण नेला गेला, कोण परत आला, कोणत्या वाटेवर काय बांधू नये. गाजावाजा छायाचित्रांचा झाला, तरी पऱ्यांविषयी काही जाणून घ्यायचे असेल तर मी त्या दोन खंडांकडेच जाईन.

आजही दोन्ही वृत्ती शेजारी शेजारी नांदतात. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या एका वनात लोकांनी झाडांच्या बुंध्यांशी पऱ्यांसाठी छोटे दरवाजे बसवायला सुरुवात केली, मुले तिथे चिठ्ठ्या ठेवू लागली, आणि २०१५ पर्यंत दरवाज्यांची संख्या दोनशेच्या वर गेल्यामुळे वनाच्या विश्वस्तांना त्यांना आवर घालावा लागला. मुलांच्या आनंदावर मी आक्षेप घेणार नाही. पण त्या दरवाज्यांशी कोणताही नियम जोडलेला नाही आणि तिथे जाऊन कोणाला काही टाळावे लागत नाही. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात १९९९ मध्ये याच्या अगदी उलट घडले. लॅटून येथे नव्या महामार्गाच्या आखणीत एक एकटे हॉथॉर्नचे झुडूप येत होते. कथाकार एडी लेनिहन यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे सांगितले की ती आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातल्या परीलोकांची कॉनॉट प्रांतातल्या परीलोकांशी लढायला जाताना एकत्र जमण्याची जागा आहे आणि ते झुडूप तोडले तर त्या रस्त्यावर अपघात होतील. परगण्याच्या प्रशासनाने ते झुडूप राखून रस्ता केला. त्यासाठी कोणी छायाचित्र मागितले नाही, आणि लेनिहन यांनीही ते देऊ केले नाही.